सात कोऱ्या नोंदी

१

मधुकर रेडकरांच्या नावापुढे गुरुवारची नोंदच नव्हती. मंगळवारची होती, बुधवारची होती. गुरुवारच्या रकान्यात नुसती कोरी जागा. आणि शनिवारी सकाळी रेडकर जोगेश्वरीतल्या आपल्या घरी मोरीच्या दारात कोसळले होते.

वाचले, हे नशीब. पण हॉस्पिटलचे डॉक्टर म्हणाले, ठोके दोन-तीन दिवस आधीपासूनच चुकत असणार. गुरुवारचा ईसीजी कोणी नीट बघितला असता तर ही वेळ आली नसती.

तो ईसीजी काढायचं काम 'सांभाळ'चं. 'सांभाळ' म्हणजे घरोघरी नर्स पाठवणारी अंधेरीची एक छोटी कंपनी. नर्सने पेशंटच्या छातीला वायरी लावायच्या, त्या एका काडेपेटीएवढ्या यंत्राला जोडायच्या, यंत्राने ते ठोके फोनमधल्या अ‍ॅपवर उमटवायचे आणि अ‍ॅपने ते डॉक्टरांकडे पाठवायचे. साधी गोष्ट. गेली दोन वर्षं ती सुरळीत चालली होती.

सोमवारी सकाळी कंपनीचे मॅनेजर नितेश सर एक कागद घेऊन बसले होते. चेहरा उतरलेला.

"रेडकरांचं कळल्यावर मी दीड महिन्याच्या सगळ्या भेटी आणि सगळ्या नोंदी ताडून बघितल्या," ते म्हणाले. "सात ठिकाणी नर्स गेलीये, पण ईसीजी आलेलाच नाही. सात!"

समोर वनमालाताई तोडणकर बसल्या होत्या. पंचावन्नच्या पुढच्या, अंगाने काटक. मूळच्या देवगडकडच्या, वडील गिरणीत होते. त्यांनी स्वतः एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात, बोरिवलीच्या एक्स्चेंजमध्ये काढली. लाइन बंद पडली की खुर्चीत बसून, नुसत्या प्रश्नांवरून बिघाड कुठल्या खांबावर आहे ते लाइनमनला सांगायचं, हे त्यांचं काम. मुदतीआधी निवृत्ती घेऊन घरी बसल्या, पण घरात जीव रमेना. 'सांभाळ'ने नर्सेसच्या तक्रारी ऐकायला म्हणून त्यांना बोलावलं, आणि या वयात कोणाला आपलं काम हवंसं वाटतंय याचंच त्यांना अप्रूप होतं. त्या रोज दहा मिनिटं आधी येत.

"सात नोंदी कोणाकोणाच्या?" त्यांनी विचारलं.

नितेश सरांनी कागद पुढे सरकवला.

"एक रतनची. उरलेल्या सहा एकाच सिस्टरच्या. व्हॅलेन्सिया."

वनमालाताईंनी मान वर केली. व्हॅलेन्सिया म्हणजे कंपनीतली सगळ्यात जुनी, सगळ्यात चोख नर्स.

"शुक्रवारी चार वाजता मालकांसमोर मीटिंग आहे," नितेश सर म्हणाले. "तिने ईसीजी न काढताच भेट झाली म्हणून दाखवलं असेल, तर नोकरी जाईल. नर्सिंग कौन्सिलकडेही कळवावं लागेल. त्याआधी तुम्ही एकदा बोलून घ्या."

२

व्हॅलेन्सिया मनोरीहून आली. फेरीबोटीने मार्वेला, तिथून बस, मग मेट्रो. शेहेचाळीस वर्षांची, उंच, केस घट्ट बांधलेले. तिने चहा नको म्हटला आणि हात मांडीवर ठेवून बसली.

"गुरुवारी रेडकरांकडे काय केलंस, अगदी पहिल्यापासून सांग," वनमालाताई म्हणाल्या. "मला त्या अ‍ॅपमधलं ओ की ठो कळत नाही असं समज."

"नाडी बघितली. मधेच अडखळत होती. म्हणून त्यांना निजवलं, वायरी लावल्या, रेकॉर्डिंग केलं. झाल्यावर 'पुढे' दाबलं. हिरवं पान आलं. वायरी काढल्या, निघाले."

"हिरवं पान म्हणजे?"

"अ‍ॅपचं पहिलं पान, ताई. ईसीजी गेला की आपण परत तिथेच येतो."

वनमालाताईंनी स्वतःचा फोन काढून अ‍ॅप उघडलं. "पण मला ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं की मधे आणखी एक पान असतं. त्याच्यावर ठोक्यांची रेघ दिसते, खाली 'पाठवा' असं बटण. ते दाबल्यावर हिरवं पान."

"हो. पण ते मधलं पान हल्ली कधीकधी येतच नाही. थेट हिरवं. मी ग्रुपवर विचारलं होतं. नितेश सर म्हणाले, नव्या व्हर्जनमध्ये आपोआप जात असेल."

"असेल, की जातं?"

व्हॅलेन्सियाने फोनमध्ये तो मेसेज शोधून दाखवला. 'आपोआप जात असेल, काळजी नको' असंच लिहिलं होतं. वनमालाताईंनी तो दोनदा वाचला.

जायला उठलेली व्हॅलेन्सिया दाराशी थांबली. अठरा वर्षं नर्सिंग केलेली ही बाई. एकदा पेशंटच्या घरच्यांनी औषध चुकीचं आणलं, तर गोळीच्या नुसत्या रंगावरून तिने ते ओळखलं होतं. ती हळूच म्हणाली,

"ताई, मी खरंच वायरी लावल्या होत्या ना हो?"

हा प्रश्न तिने वनमालाताईंना का विचारावा?

३

मंगळवारी त्यांनी अ‍ॅप बनवणाऱ्या सुबोधला गाठलं. सत्ताविशीतला, हुशार, सगळ्यांना मदत करणारा पोरगा. वनमालाताईंच्या फोनमध्ये मराठी टायपिंग त्यानेच घालून दिलं होतं. पण आज तो खुर्चीत नुसता गोल गोल फिरत होता.

"सुबोध, सात ईसीजी गेले कुठे रे?"

"किती वेळाचं रेकॉर्डिंग होतं?" त्याने पटकन विचारलं. मग घसा साफ केला. "म्हणजे, सर्व्हरवर बघितलं मी. आलेलेच नाहीत. फोनमधून निघालेच नाहीत ते."

"नेटवर्क नसेल?"

"नसलं तरी चालतं. 'पाठवा' दाबलं की आधी फोनमध्ये साठवतो, नेट आलं की जातो."

"बरं, व्हॅलेन्सियाचा फोन जुना आहे म्हणून?"

"रतनचा तर नवाकोरा आहे. त्याचाही एक गेलाच ना."

"मग अ‍ॅपच मधे बंद पडत असेल."

"नाही ताई." सुबोधने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली, पण स्वतः दुसरीकडे बघत होता. "अ‍ॅप बंद पडलं की इथे मोजलं जातं. हे बघा. दोन महिने झाले, शून्य."

"शून्य?"

"एकदासुद्धा नाही."

वनमालाताईंनी डायरीत एवढंच लिहिलं : शून्य.

रतन दुपारी भेटला. हसतमुख गडी, तोही नर्सच, अंधेरीतल्या चार बंगला भागातले पेशंट त्याच्याकडे. त्याची एकच नोंद गायब होती, एका एकट्या राहणाऱ्या आजींची.

"नेहमीसारखाच काढला ताई, अर्धा मिनिट. आपला नियमच आहे अर्ध्या मिनिटाचा," तो म्हणाला आणि उगाचच लाजला. "त्या दिवशी काही वेगळं नव्हतं. आजींनी पोहे केले होते, एवढंच."

कसलाच धागा हाती लागेना. बुधवारी त्या जोगेश्वरीला गेल्या. मधुकर रेडकर अजून हॉस्पिटलात होते. घरी त्यांची सून श्रुतिका होती. वनमालाताईंना वाटलं होतं, बाई चांगलीच तोंड सोडेल. पण 'सांभाळ'चं नाव ऐकताच तिने पाण्याचा ग्लास आणला, आणि तिचेच डोळे भरून आले.

"सिस्टर बऱ्या आहेत ना? त्यांच्यामुळे बाबा आहेत हो."

"त्यांच्यामुळे?"

"गुरुवारी जाताना त्या म्हणाल्या, नाडी मला आवडली नाही. चक्कर आली तर रिपोर्टची वाट बघू नका, कोणाला विचारत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा. रिक्षावाल्याचा नंबरही माझ्याकडून भिंतीवर लिहून घेतला. शनिवारी बाबा पडले तेव्हा मी दुसरं काही केलंच नाही, त्या नंबरवर फोन लावला."

"ईसीजी काढताना तू होतीस समोर?"

"येऊन-जाऊन होते. बराच वेळ चाललं. मी कुकर लावला, त्याच्या शिट्ट्या झाल्या, तरी बाबा आपले पडूनच. त्यांना म्हटलंसुद्धा, आज एवढा वेळ? तर सिस्टर म्हणाल्या, अडखळणारी नाडी अर्ध्या मिनिटात पकडीत येत नाही."

वनमालाताई लिहिता लिहिता थांबल्या. तेवढ्यात फोन वाजला. नितेश सर होते.

"ताई, आता राहू द्या. व्हॅलेन्सियाचं पत्र आलंय. चूक माझीच आहे, असं लिहून दिलंय तिने."

४

गुरुवारी सकाळी वनमालाताई मार्वेच्या धक्क्यावरून फेरीत बसल्या. पाच मिनिटांचा प्रवास, पण पलीकडे उतरलं की मुंबई मागे राहते. व्हॅलेन्सियाचं घर चर्चच्या मागच्या गल्लीत होतं. ओट्यावर तिची आई, पेट्रिशिया, लसूण सोलत बसली होती.

"कोण गं तू?" तिने विचारलं.

"वनमाला. व्हॅलेन्सियाच्या ऑफिसातली."

"ये, बस." चार पाकळ्या सोलून झाल्यावर तिने परत वर बघितलं. "कोण गं तू?"

व्हॅलेन्सिया दारात येऊन उभी होती. वनमालाताईंनी तिच्याकडे बघितलं, आणि सोमवारचा तो प्रश्न त्यांना एकदम उमगला.

आतल्या खोलीत व्हॅलेन्सियाने सगळं सांगितलं. "ममाचं असंच सुरू झालं होतं. भाजीत मीठ घातलं म्हणायची, घातलेलं नसायचं. दार लावलं म्हणायची, ते उघडं असायचं. शपथेवर सांगायची हो ती! आता मीही तेच करतेय. सहा वेळा. मला स्वच्छ आठवतं, वायरी लावल्या, रेघ उमटली, पण तिथे काहीच नाही. मग माझ्या आठवणीला काय अर्थ? उद्या मी कोणाला इंजेक्शन दोनदा दिलं तर? म्हणून लिहून दिलं. मी थांबलेलीच बरी."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"धीर होत नाही."

वनमालाताईंनी तिचा हात धरला. मग त्यांनी आपल्याला जे येत होतं तेच केलं. प्रश्न विचारला.

"त्या सहाही वेळा नाडी अडखळत होती?"

व्हॅलेन्सिया विचारात पडली. "हो. दोन महिन्यांपासून तसले पेशंट मलाच देतात ना."

"आणि सहाही वेळा तू जास्त वेळ रेकॉर्डिंग केलंस?"

"पाच मिनिटं. पुस्तिकेत लिहिलंय, नाडी अनियमित असेल तर पाच मिनिटांपर्यंत घ्यावं म्हणून. कोणी वाचत नाही ती पुस्तिका."

"आणि मधलं पान येत नाही, ते कधी? रोज?"

"रोज नाही..." तिचा आवाज बारीक झाला. "बहुतेक... त्याच वेळी."

वनमालाताई ताडकन उठल्या. परतीच्या फेरीतूनच त्यांनी रतनला फोन लावला. इंजिनाच्या धडधडीत ओरडून बोलावं लागत होतं.

"रतन, त्या पोह्यांचं खरं सांग. मी कोणाला सांगणार नाही."

"ताई... आजी ऐकेचनात. यंत्र चालूच राहिलं आणि मी खायला बसलो. अर्धा मिनिट कुठलं, चांगली सात-आठ मिनिटं झाली. म्हणून बोललो नाही. चुकलं माझं."

"नाही रे बाबा," वनमालाताई म्हणाल्या. "तू ते पोहे खाल्लेस म्हणून बरं झालं. त्या आजींचे उपकार आहेत आपल्यावर."

५

शुक्रवारी तीन वाजता, मीटिंगच्या एक तास आधी, वनमालाताईंनी सगळ्यांना एका खोलीत बसवलं. नितेश सर, सुबोध, रतन. आणि कोपऱ्यात व्हॅलेन्सिया. ती यायला तयारच नव्हती. "तुझं पत्र परत घेऊ नकोस, फक्त बघायला ये," असं म्हणून त्यांनी तिला आणलं होतं.

"सर, शर्टाची बटणं काढा आणि टेबलावर आडवे व्हा."

"काय?"

"ईसीजी काढायचाय तुमचा."

मॅनेजरसाहेब कुरकुरत आडवे झाले. व्हॅलेन्सियाने वायरी लावल्या. तिचे हात मात्र सराईतपणे चालत होते.

अर्धा मिनिट. 'पुढे'. मधलं पान आलं, त्यावर नितेश सरांचे ठोके नागमोडी पसरले. 'पाठवा'. हिरवं पान.

एक मिनिट. मधलं पान, मग हिरवं.

दोन मिनिटं. तेच.

"ताई, ऑफिसचं काम पडलंय," नितेश सर छताकडे बघत म्हणाले.

"पडू द्या. आता पाच मिनिटं."

सुबोध उठून खिडकीपाशी गेला. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पाच वेळा फिरला. व्हॅलेन्सियाने अंगठा 'पुढे'वर टेकवला.

स्क्रीन क्षणभर लुकलुकली, आणि हिरवं पान आलं. थेट.

"रतन, सर्व्हरवर बघ."

रतनने संगणकावर बघितलं. "पहिले तीन आलेत. चौथा नाही."

व्हॅलेन्सिया फोनकडे बघतच राहिली. पाच मिनिटांपूर्वी तिने सहा माणसांसारखाच सातवा माणूस तपासला होता, चार जणांच्या डोळ्यांदेखत. तिने वायरी लावल्या होत्या. रेघ उमटली होती. सगळ्यांनी बघितली होती.

"परत," ती म्हणाली. "ताई, परत एकदा करू दे मला."

तिने परत पाच मिनिटं घेतली. परत हिरवं पान, परत सर्व्हरवर काही नाही. तेव्हा ती खाली बसली, ओढणीत तोंड लपवलं आणि हमसून हमसून रडायला लागली. टेबलावर वायरींसकट पडलेल्या नितेश सरांना उठावं की तसंच पडून राहावं ते कळेना.

वनमालाताई खिडकीकडे वळल्या.

"सुबोध, आता तू सांगतोस की मी सांगू?"

६

सुबोध पाठमोराच उभा होता. मग वनमालाताईंनीच सुरुवात केली.

"सोमवारपासून जो भेटला त्याने मला काहीतरी विचारलं. कोणी तारीख विचारली, कोणी पेशंट विचारला, कोणी नेटवर्क. रेकॉर्डिंग किती वेळाचं होतं, हे तू एकट्यानेच विचारलंस, तेही माझ्या डोक्यात वेळेचा विचार यायच्या दोन दिवस आधी. म्हणजे तुला शंका होती. दुसरं तुझं ते शून्य. मेल्या, एकतीस वर्षांत माझ्या रजिस्टरला तक्रारी शून्य असा एकच दिवस आला. त्या दिवशी तक्रार घ्यायचा फोनच बंद पडला होता."

सुबोध वळला. चेहरा पांढरा पडला होता, पण बोलायला लागला तसा त्याचा आवाज सुटत गेला.

"रेकॉर्डिंग होतं त्या पानावरून मधल्या पानावर ठोक्यांचा सगळा डेटा मी एका गाठोड्यात बांधून देत होतो. एका पानाचं गाठोडं दुसऱ्या पानाकडे पोचवतो कोण, तर फोनची सिस्टीम. आणि तिला वजनाची मर्यादा आहे. साधारण एक एमबी. त्यातही फोनची बाकीची कामं असतात, त्यामुळे आपल्याला त्याहून कमीच. नाव, वय, तारीख असलं काही असेल तर कधीच अडचण येत नाही. अर्ध्या मिनिटाचा ईसीजीसुद्धा आरामात जातो. पण तीन वायरींचे सेकंदाला पाचशे आकडे... अडीच-तीन मिनिटांच्या पुढे गाठोडं फार जड होतं. सिस्टीम ते उचलतच नाही. मधलं पान उघडत नाही. आणि डेटा साठवायचा मी त्या मधल्या पानावर, 'पाठवा' दाबल्यावर. म्हणजे तो कुठेच उरत नाही."

"मग अ‍ॅप बंद पडायला हवं होतं," नितेश सर उठून बसत म्हणाले. "शून्य कसं?"

"पडायचं, सर. महिन्यातून एखाददुसऱ्या वेळी. कोणाचं रेकॉर्डिंग चुकून चालू राहिलं की. नर्सला लगेच कळायचं, ती पुन्हा काढायची. मग दोन महिन्यांपूर्वी तुम्ही म्हणालात, मालकांना दाखवायचंय, चार दिवसांत आकडा शून्य पाहिजे. कारण शोधायला वेळ नव्हता. मी एवढंच केलं, की मधलं पान उघडताना काहीही चुकलं तरी अ‍ॅपने गप्प बसायचं आणि पहिल्या पानावर जायचं. आकडा शून्य झाला."

"आणि ते पहिलं पान हिरवं," वनमालाताई म्हणाल्या. "ईसीजी पोचला तरी तेच, बुडाला तरी तेच. व्हॅलेन्सियाने विचारलं, मधलं पान का येत नाही. तुम्ही न बघताच उत्तर दिलंत, आपोआप जात असेल. तिने विश्वास ठेवला. अर्ध्या मिनिटात काम उरकणाऱ्यांचं काही बिघडलं नाही. जिने पुस्तिका वाचली, जिने पेशंटपाशी पाच मिनिटं दिली, तिचंच सगळं पुसलं गेलं."

नितेश सर खाली मान घालून शर्टाची बटणं लावत होते. एक बटण चुकीच्या काजात गेलं, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"शंका कधी आली तुला?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी. रेडकरांचं ऐकलं तेव्हा." सुबोध म्हणाला. "रोज ठरवत होतो, आज सांगू. नोकरीची भीती वाटली. मग सिस्टरचं पत्र आलं आणि मला... ताई, तुम्ही आज शोधलं नसतं तर मी बोललो असतो की नाही, मला खरंच माहीत नाही. तुम्ही शोधलंत, माझ्या छातीवरचा दगड उतरला. थँक्यू म्हणायची लाज वाटते, पण थँक्यू."

तो व्हॅलेन्सियासमोर जाऊन उभा राहिला. "सिस्टर, मला काय बोलायचं ते बोला."

व्हॅलेन्सियाने डोळे पुसले. सगळ्यांना वाटलं, आता ही वाट लावणार याची.

"म्हणजे मी लावल्या होत्या वायरी," ती म्हणाली. "सहाही वेळा."

"सहाही वेळा, सिस्टर."

"परत म्हण."

"सहाही वेळा लावल्या होत्या. तुम्ही काहीही विसरला नव्हता."

तिने एक मोठा श्वास घेतला आणि रडता रडताच हसली. "अरे, नोकरीचं काय घेऊन बसलास! सोमवारपासून मी झोपले नाहीये. मला वाटलं, डोकं चाललं माझं. ते मला परत मिळालं." मग ती वनमालाताईंकडे वळली. तिने त्यांचे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले.

"गो बाय, पुरे," वनमालाताई म्हणाल्या, कारण आता त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. "सुबोध, आता हे नीट कसं करणार?"

"गाठोडं न्यायचंच नाही, ताई. रेकॉर्डिंग चालू असतानाच फोनच्या कपाटात साठवत जायचं. मधल्या पानाला फक्त त्या नोंदीचा नंबर द्यायचा. नंबर बघून ते स्वतः कपाटातून काढून घेईल. मग पाच मिनिटं असो की पन्नास."

"सामान खोलीत ठेवायचं आणि चावी तेवढी द्यायची. एवढं सोपं?"

"एवढंच सोपं. पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. आणि चुकलं तर अ‍ॅप यापुढे गप्प बसणार नाही, ओरडेल."

चार वाजता मीटिंग झाली. मालकांसमोर आधी नितेश सर बोलले आणि त्यांनी शून्याची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगितली. आपण न बघता उत्तर दिलं, हेही. त्यामुळे असेल, पण सुबोधची नोकरी राहिली. व्हॅलेन्सियाचं पत्र फाडून टाकलं. रात्रीपर्यंत सगळ्या नर्सेसना निरोप गेला, की नवं अ‍ॅप येईपर्यंत लांब रेकॉर्डिंगचे तुकडे करून पाठवा. आणि ज्या सात पेशंटच्या नोंदी बुडाल्या होत्या त्यातल्या बाकीच्या सहा जणांकडे शनिवारी नर्स गेल्या. पाच जण ठीक होते. चार बंगल्याच्या आजींचे ठोके डॉक्टरांना काही आवडले नाहीत, आणि त्यांना वेळेत दाखल केलं.

७

पुढच्या आठवड्यात, रविवारी, व्हॅलेन्सियाने वनमालाताईंना मनोरीला जेवायला बोलावलं. सुबोधलाही बोलावलं होतं. तो येणार नाही अशीच वनमालाताईंची खात्री होती, पण मार्वेच्या धक्क्यावर तो त्यांच्या आधीच येऊन उभा होता, हातात केकचं खोकं.

रेडकर शुक्रवारी घरी आले होते, छातीत पेसमेकर बसवून. शनिवारी व्हॅलेन्सियाने नव्या अ‍ॅपवर त्यांची पाच मिनिटं घेतली होती. मधलं पान आलं, रेघ आली आणि सव्वा मिनिटात डॉक्टरांचा फोन : सगळं छान आहे. श्रुतिकाने त्या आनंदात सिस्टरला ओवाळायचंच काय ते बाकी ठेवलं.

"आणि माझंही दाखवून आले मी," भात वाढता वाढता व्हॅलेन्सिया म्हणाली. "तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी आहे."

पेट्रिशिया टेबलाच्या टोकाशी बसली होती. तिने सुबोधकडे निरखून बघितलं. "हा कोण गं?"

"ऑफिसातला आहे, ममा. सुबोध."

"जेव रे, जेव." सुरमईची तुकडी त्याच्या ताटात आली. दोन घास झाले, तेवढ्यात परत, "हा कोण गं?"

"फोनमधलं अ‍ॅप बनवतो तो, ममा."

"हुशार दिसतो."

सुबोध मान खाली घालून जेवत होता. वनमालाताईंना त्याची दया आली. तिसऱ्यांदा पेट्रिशियाने विचारलं तेव्हा व्हॅलेन्सिया काही बोलायच्या आत त्यानेच घास खाली ठेवला.

"मावशी, माझ्या चुकीमुळे तुमच्या मुलीवर आळ आला होता. माफी मागायला आलोय."

पेट्रिशियाने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग लेकीकडे बघितलं. लेक हसत होती.

"माफी मागायला फेरीने आलास?"

"हो."

"मग नुसता भात काय खातोस," म्हातारी म्हणाली आणि सुरमईचं अख्खं भांडंच तिने त्याच्यापुढे सरकवलं.